पाण्यावरचा विसावा

सरकारी नोकरीत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला विश्रांती कशी घ्यावी हे कोणीतरी शिकवावे लागते, असे आमच्या घरच्यांचे मत आहे. निवृत्त झाल्यावरही सकाळी दहाच्या सुमारास मी टेबलापाशी जाऊन बसतो आणि जुनी कागदपत्रे चाळतो. ही सवय मोडावी म्हणून गेल्या वर्षी आमच्या विवाहाला चाळीस वर्षे झाली तेव्हा चिरंजीव आणि सूनबाई यांनी आम्हाला न विचारताच मालदीवची तिकिटे काढली. मोपाच्या विमानतळावरून निघून, वाटेत एकदा विमान बदलून आणि पुढे वेगवान होडीने प्रवास करून आम्ही एका चिमुकल्या बेटावर पोहोचलो. बेटाला पायी वळसा घालावयास पंधरा मिनिटे पुरत. किनाऱ्यापासून एक लाकडी पूल उथळ, निळसर पाण्यात गेलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना खांबांवर उभारलेले गवती छपरांचे बंगले. आमच्या खोलीतल्या जमिनीत एक जाड काच बसविलेली होती आणि तिच्याखालून मासे जाताना दिसत.

सौ. म्हणाली, “अहो, ही तर आपल्या मांद्रेच्या किनाऱ्यावरची खोंप! फक्त खाली वाळूऐवजी पाणी आहे.” मला हसू आले, पण तिचे निरीक्षण चुकीचे नव्हते.

पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. बंगल्याखाली पाणी हलत होते, खांबांवर हळूच आपटत होते. हाच आवाज ऐकण्यासाठी जगभरातून माणसे मोठी रक्कम मोजून तेथे येतात. माझ्या मनात मात्र दुसरीच आठवण जागी झाली होती. माझे आजोळ डिचोली तालुक्यात, नार्व्याच्या बाजूला, खाजन शेतीच्या कडेला. तेथे रात्री पाण्याचा आवाज घराजवळून आला की आजी उठून बसे आणि मामांना हाक मारी. पाणी दूर असले तर सर्व ठीक. जवळ आले तर बांध फुटला, असा त्याचा अर्थ. बालपणी ज्या आवाजाने आमचे घर दचकून जागे होत असे, तोच आवाज येथे झोपेसाठी विकत मिळत होता. या दोहोंमध्ये इतके अंतर कसे पडले, हा प्रश्न घेऊन मी परत आलो. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचा माझ्यापुरता शोध आहे.

प्रथम या पाण्यावरच्या बंगल्यांचा इतिहास पाहू. आग्नेय आशियात आणि प्रशांत महासागराच्या काठी खांबांवर घरे बांधून राहणारे कोळी पूर्वापार आहेत. परंतु प्रवाशांच्या सुखासाठी तशी घरे बांधण्याची कल्पना फार जुनी नाही. फ्रेंच पॉलिनेशियातील रायातेआ या बेटावर १९६७ मध्ये तीन अमेरिकन गृहस्थांनी आपल्या हॉटेलसाठी असे पहिले बंगले उभारले. कारण अगदी व्यावहारिक होते. त्या बेटावर चांगला वाळूचा किनारा नव्हता, आणि किनाऱ्याशिवाय पाहुणे येणार कसे? तेव्हा पाहुण्यांनाच थेट पाण्यावर नेऊन ठेवावे, असे त्यांनी ठरविले. जागेच्या उणिवेवर काढलेली ही तोड पुढे चैनीची खूण होऊन बसली. मालदीवमध्ये पर्यटकांसाठी पहिले निवासस्थान १९७२ साली मालेजवळच्या कुरुंबा बेटावर सुरू झाले. पाण्यावरचे बंगले तेथे त्यानंतर आले.

हे बंगले कोठेही उभे राहू शकत नाहीत, ही गोष्ट मला तेथे गेल्यावर कळली. उघड्या समुद्रात ते एक पावसाळाही टिकणार नाहीत. मालदीवची सुमारे १,२०० बेटे प्रवाळांच्या कंकणाकृती रांगांवर वसलेली आहेत आणि बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंच आहे. बाहेरच्या महासागराची लाट प्रवाळाच्या भिंतीवर फुटते आणि आत उरते ते शांत, उथळ पाणी. ही भिंत जिवंत प्राण्यांनी हजारो वर्षे बांधलेली आहे. समुद्राचे पाणी अधिक तापले की प्रवाळ पांढरे पडतात आणि मरूही शकतात. १९९८ आणि २०१६ साली मालदीवमध्ये ते मोठ्या प्रमाणावर घडले. तेव्हा पाहुण्याला मिळणारी शांतता बंगला बांधणाऱ्याची नसून त्या भिंतीची आहे. हे ध्यानात आले आणि मला आमचा बांध आठवला. त्याकडे पुढे येतो.

मालदीव आपल्याला परके वाटते. पण आपल्या गोमंतकाशी त्याचा संबंध जुना आहे. आपण एखाद्या वस्तूला कवडीमोल म्हणतो, भवानीच्या गळ्यात कवड्यांची माळ घालतो. चलन म्हणून भारतात वापरल्या जाणाऱ्या कवड्यांचा फार मोठा पुरवठा मालदीवमधूनच होत असे. तेथील काथ्याच्या दोरांनाही जहाजे बांधणाऱ्यांकडून मोठी मागणी होती. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता होनावरच्या सुलतानाबरोबर सिंदापूरच्या, म्हणजे आपल्या गोव्याच्या, मोहिमेत होता आणि त्यानंतर लवकरच तो मालदीवमध्ये काझी झाला. १५५८ साली पोर्तुगिजांनी माले जिंकले आणि सुमारे पंधरा वर्षे तेथे त्यांचा अंमल होता. १५७३ मध्ये मुहम्मद थकुरुफानू याच्या नेतृत्वाखाली तेथील लोकांनी तो उलथून टाकला. फ्रान्स्वा पिरार या फ्रेंच खलाशाचे जहाज १६०२ मध्ये मालदीवच्या खडकांवर फुटले. सुमारे पाच वर्षे तो तेथे अडकून पडला आणि पुढे फिरत फिरत १६०८ साली गोव्यात येऊन इस्पितळात दाखल झाला. दोन्ही ठिकाणांचे त्याने केलेले वर्णन अभ्यासक आजही वाचतात. विशेष हे की, या साऱ्यांपैकी कोणीही त्या बेटांवर विसावा घेण्यासाठी गेला नव्हता. कोणी व्यापारासाठी गेला, कोणी सत्तेसाठी, कोणी केवळ जहाज फुटले म्हणून.

बेटांची वाण आपल्याकडेही नाही. मांडवीच्या पात्रात दिवाडी आहे, चोडण आहे, जुवें आहे. आणि ‘जुवें’ या शब्दाचा अर्थच मुळी बेट. पण आपल्या पूर्वजांच्या आठवणीत ही बेटे सुखाची ठिकाणे म्हणून आलेली नाहीत. दिवाडी बेटावर कदंब राजांचे आराध्य दैवत श्रीसप्तकोटेश्वर याचे देऊळ होते. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगिजांनी तिसवाडीतील देवळे पाडली, त्यांत हेही गेले. परंपरा सांगते की, भक्तांनी लिंग रात्रीतून नदीपलीकडे आणले आणि डिचोली महालातील नार्वे येथे त्याची पुन्हा स्थापना झाली. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. त्याचा शिलालेख आजही देवळात आहे. अलीकडे राज्य शासनाने देवळाचे जतनकाम केले आणि २०२३ साली ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. पुढे १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या सैन्याने ओहोटीची वेळ साधून जुवें बेटावरील किल्ला घेतला, तेव्हा राजधानीत हाहाकार उडाला होता. आज फेरीबोटीने काही मिनिटांत ओलांडता येणारे हे पाणी त्या काळी एका राज्याची आणि एका धर्माचरणाची सीमा होते.

आपल्या या पत्रिकेच्या वाचकांपैकी कित्येकांची घराणी अशीच पाणी ओलांडून आलेली आहेत. कोणी तिसवाडी-बार्देशातून देव डोक्यावर घेऊन डिचोलीत आले; कोणी तेरेखोलच्या नदीपलीकडून सावंतवाडीकरांच्या चाकरीत पेडणे महालात उतरले आणि १७८८ मध्ये तो महाल पोर्तुगिजांकडे गेल्यावरही येथेच राहिले. अशा माणसांना पाण्याजवळची रात्र म्हणजे पहाऱ्याची रात्र वाटली तर नवल नाही.

मग आपल्याकडे पाण्याकाठी विसावा नव्हताच काय? होता, पण त्याची रीत वेगळी होती. जुन्या काबिजादींतील ख्रिस्ती भाटकार मे महिन्यात कळंगुट किंवा कोलवा येथे जाऊन राहत. या हवापालटाला पोर्तुगीज शब्दावरून ‘मुदांस’ म्हणत. आमच्या घरी तो शब्द नव्हता; ‘समुद्रस्नानाला जाणे’ एवढेच म्हणत. खाऱ्या पाण्याने सांधेदुखी आणि अंगावरची खाज जाते, अशी थोरांची श्रद्धा. वैशाखात पेडण्याकडच्या एका नातलगांकडे आम्ही आठ-दहा दिवस जाऊन राहत असू. किनाऱ्यावर रापणकारांच्या खोंपी असत: चार बांबू, वर विणलेल्या चुडतांचे छप्पर, खाली वाळू. दुपारी तेथे सावलीला बसण्यास आम्हा मुलांना मोकळीक होती. त्या जागेचे भाडे कोणी घेत नसे. उलट निघताना चार बांगडे हातात पडत. मृग जवळ आला की ती माणसे खोंपी उतरवीत आणि होड्या ओढून माडांखाली नेत. मी एकदा विचारले होते, “चांगली खोंप मोडता कशाला?” त्यावर म्हातारा रापणकार म्हणाला, “बाबा, पावसांत ही सुवात दर्याची.” ही जागा पावसाळ्यात समुद्राची असते, हे त्याला कोणत्याही अधिसूचनेने शिकविलेले नव्हते.

त्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला तेरेखोलचा किल्ला आहे. सावंतवाडीच्या भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी नदीपलीकडच्या या एकाकी किल्ल्यात शिरून तेथे तिरंगा फडकविला. मुक्तीनंतर त्याच किल्ल्यात पर्यटकांसाठी निवासाची सोय झाली. जेथे शिपायांनी रात्ररात्र समुद्रावर नजर ठेवली, तेथे पाहुणे आरामखुर्चीत बसून सूर्यास्त पाहू लागले. यात खेद करण्यासारखे काही नाही. पहाऱ्याचे काम संपले म्हणजे ती जागा विसाव्याची व्हावी, हे योग्यच आहे. प्रश्न पडतो तो जेथे पहाऱ्याचे काम अजून संपलेले नाही अशा जागांविषयी.

अशी जागा म्हणजे आपली खाजने. गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन असल्याचे सांगतात. नदीच्या भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असलेली ही शेते आपल्या पूर्वसुरींनी माती, पेंढा आणि जांभ्या दगडाचे बांध घालून पाण्याकडून मिळविली. बांधात जागोजाग मानस असे. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की मानशीची लाकडी दारे आपोआप मिटत. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडत आणि शेतातले जादा पाणी निघून जाई. आत कोरगूट जातीचे खारे पाणी सोसणारे भात पिके. मानशीच्या तोंडाशी मासळी धरण्याचा हक्क पावणीत दिला जाई आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी होई. ही व्यवस्था गावकरी सांभाळीत असे. रात्रीच्या भरतीला मानशीवर माणूस असे, म्हणून गाव झोपत असे. माझी आजी निजताना विचारी, “मानशीवर आज कोण?” नाव कळले म्हणजे ती दिवा मालवी.

१९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती यांमुळे कसणाऱ्याला जमीन मिळाली. तो न्याय होता आणि तो उशिराच झाला, हे मी भाटकार घराण्यांच्या वाचकांसमोरही स्पष्ट लिहितो. परंतु जमिनीची वाटणी झाली तशी बांधाच्या जबाबदारीची झाली नाही. जुनी गावकरी दुबळी झाली, कुळांच्या संघटना सर्वत्र सारख्या उभ्या राहिल्या नाहीत, आणि बांध कोणाचा हा प्रश्न सरकारी फायलींत येऊन पडला.

त्यांपैकी एक फाईल माझ्या टेबलावर आली होती. गावाचे आणि कार्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोष माझा होता. साल १९९० च्या सुमाराचे. मानशीच्या दारांपैकी एक कुजले असून ते पावसाळ्यापूर्वी बदलून मिळावे, असा शेतकऱ्यांचा अर्ज होता. खर्च काही हजारांचा. मी टिपणी लिहिली: “सदर बांध कोणाच्या अखत्यारीत येतो, याचा प्रथम खुलासा मागवावा.” नियमाने पाहता त्यात चूक काढता आली नसती. अर्ज घेऊन एक वृद्ध शेतकरी तीनदा आला. तिसऱ्या वेळी तो उठताना इतकेच म्हणाला, “सायबा, भरती कागदाक रावना.” भरती कागदासाठी थांबत नाही. खुलासा येईपर्यंत दोन पावसाळे गेले आणि दुसऱ्यात बांध फुटला. शेतात खारे पाणी शिरले ते राहिलेच. आज तेथे तिवरांचे दाट रान आहे. कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि ते असावेही. पक्षी पाहण्यासाठी लोक छोट्या होड्या घेऊन तेथे जातात आणि स्थळ फार शांत असल्याचे सांगतात. खरोखरच ते शांत आहे. त्या शेतांवर जी घरे जगत होती त्यांतील मुले मुंबईस किंवा आखातात गेली.

मालदीवमधल्या त्या रात्री मला झोप का आली नाही, याचे उत्तर बहुधा या फाईलीत आहे.

आता पेडण्याचा किनारा पहा. इंदिरा गांधींनी १९८१ च्या नोव्हेंबरात मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामापासून मोकळा ठेवण्यास सांगितले होते. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरची मर्यादा घातली. २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा खास विचार झाला. २०१९ च्या अधिसूचनेने काही ठिकाणी ही अंतरे कमी केली, आणि किनाऱ्यालगतच्या बेटांसाठी ते केवळ २० मीटरवर आले. हरमल, मांद्रे, आश्वे या भागांत पर्यटकांसाठी बांबूंच्या, खांबांवर उभ्या झोपड्या हंगामापुरत्या उभारतात आणि पावसाळ्यापूर्वी उतरवतात. ही रीत नीट पाळली तर रापणकाराच्या खोंपीचीच ती थोरली बहीण होय. त्यातून गावातल्या घरांना चार पैसे मिळतात, हेही नाकारता येणार नाही. धोका आहे तो ‘हंगामी’ हा शब्द कागदावर ठेवून खाली काँक्रीट ओतण्यात. २०२३ च्या जानेवारीत लक्षद्वीपमधील सुहेली आणि कदमत या बेटांवर पाण्यावरचे बंगले बांधण्याची घोषणा झाली. आपल्याकडे अशी मागणी उद्या आली तर काय पाहावयाचे, हे आपण आधी ठरविले पाहिजे. बंगला दिसतो कसा, हे फारसे महत्त्वाचे नाही. त्याच्यासाठी लाट कोण अडवणार आणि ती अडविणाऱ्याची राखण कोण करणार, हे विचारावे.

मालदीवमधल्या तिसऱ्या दिवशी पहाटे मी पुलावर फिरत होतो. ओहोटी होती. एक माणूस गुडघाभर पाण्यात उतरून बंगल्यांच्या खांबांवर हात फिरवीत, टकटक करून पाहत चालला होता. मोडक्यातोडक्या हिंदीत बोलणे झाले. तो बांगलादेशचा, समुद्राजवळच्या गावचा. रोज ओहोटीला खांब तपासणे हे त्याचे काम. मी विचारले, “तुमच्या गावात बांध आहे?” तो थबकला, बंगल्यातला पाहुणा असे काही विचारील याची त्याला अपेक्षा नसावी. मग म्हणाला, “आहे. वडील बघतात.” एवढे बोलून तो पुढच्या खांबाकडे गेला. त्याचे वडील तिकडे बांध राखीत होते आणि तो येथे आमचे खांब. त्या रात्री मला शांत झोप लागली. मानशीवर कोण आहे, हे मला कळले होते.

परत आल्यावर मी नार्व्याला जाऊन श्रीसप्तकोटेश्वराचे दर्शन घेतले आणि उतरून फेरीच्या धक्क्यावर बसलो. पलीकडे दिवाडीचे माड दिसत होते. मामेभावाबरोबर आजोळच्या बांधावरून चालत गेलो. दोन मानशी चालू आहेत, एक बुजली आहे. चालू असलेल्यांपैकी एकीचे दार नवे आहे. गावातील तरुणांनी वर्गणी काढून ते बसविले, असे समजले. कोणाच्या अखत्यारीत ते येते, हे मी विचारले नाही.

सध्या मी सकाळी दहा वाजता टेबलापाशी बसून डिचोली आणि पेडणे तालुक्यांतील मानशींची गाववार यादी करीत आहे: मानशीचे नाव, ठिकाण, चालू की बुजलेली, आणि शेवटचा राखणदार कोण. जुन्या घरांतील जमाखर्चाच्या वह्यांत बांधावरील खर्चाच्या, पावणीच्या आणि राखणदारांच्या मजुरीच्या नोंदी मोडी किंवा पोर्तुगीज अक्षरांत असू शकतात. वाळवी लागण्यापूर्वी त्या वह्या एकदा उघडाव्यात आणि अशा नोंदी आढळल्यास मंडळाकडे कळवाव्यात, अशी वाचकांना नम्र विनंती आहे. नावे तेवढी अगत्याने उतरून घ्यावीत.